चिचुंद्रीची जात

कुवेतच्या ज्या भारतीय शाळेत मी जीवशास्त्र शिकवत होते, तिथे दरवर्षी विज्ञान प्रदर्शन भरायचं. इराकशी झालेलं युद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली होती, शाळेच्या भिंतींना नुकताच नवा रंग लागला होता, आणि त्या वर्षी परीक्षक म्हणून विद्यापीठातले एक सुदानी प्राध्यापक आले होते. उंची सहा फुटांच्या वर, अंगात कडक इस्त्रीचा सफारी आणि आवाज इतका मऊ की ऐकायला पुढे वाकावं लागे. आठवीच्या मुलींनी 'उंदरांचं कुटुंब' नावाचा तक्ता केला होता. त्यात घरातला उंदीर होता, शेतातला होता, घूस होती आणि एका कोपऱ्यात लांब नाकाची चिचुंद्री होती. प्राध्यापक तक्त्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मग मला म्हणाले, "या कोपऱ्यातल्या बाई या कुटुंबातल्या नाहीत."

माझे कान तापले. "ठाऊक आहे मला. चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे. पण मुलींनी चित्र इतकं सुंदर काढलं होतं, की खोडा म्हणायचं जिवावर आलं."

"तुम्ही कशावरून ओळखता?"

"दातांवरून. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे, आणि त्यांच्यामागे मोकळी जागा. चिचुंद्रीचं तोंड मात्र बारीक टोकदार दातांनी गच्च भरलेलं. किडे खाते ना ती."

ते हसले आणि मुलींना दुसरं बक्षीस देऊन गेले. पहिलं ज्वालामुखीला गेलं. ते नेहमी ज्वालामुखीलाच जातं. आठवड्याभराने त्यांचा शाळेत फोन आला. "दुपारी मोकळ्या असता का? माझ्याकडे थोड्या कवट्या आहेत. मोजायला माणूस हवंय."

घरी हे सांगितलं तेव्हा आमचे 'हे' जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला. "कवट्या? कुणाच्या?"

"चिचुंद्र्यांच्या. इथिओपियाच्या पठारावरच्या."

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि वरणाची वाटी पुढे ओढली. "मला वाटलं, ओळखीच्यांच्या."

आम्ही अहमदीत राहत होतो. हे तेल कंपनीत इंजिनिअर होते आणि आम्हाला जुन्या वसाहतीतलं बैठं घर मिळालं होतं. कोल्हापूरला एम.एस्सी. करून मी दोन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. लग्न होऊन इथे आल्यावर माझा प्राणिशास्त्राशी संबंध शाळेच्या पुस्तकातल्या बेडकापुरता उरला होता. त्यामुळे त्या कवट्यांचा मला जो आनंद झाला, तो इतर बायकांना सांगण्यासारखा नव्हता.

प्राध्यापकांनी तरुणपणी इथिओपियाच्या उंच डोंगरांत कित्येक महिने काढले होते. थंडीत तंबू ठोकून त्यांनी छोटे सस्तन प्राणी गोळा केले होते. कातडी सोलून, आत कापूस भरून, पायाला चिठ्ठी बांधून ठेवलेली, आणि प्रत्येकीची कवटी वेगळ्या काचेच्या कुपीत. ते नोकरीसाठी कुवेतला आले तेव्हा हे सगळे डबे बरोबर आणले. युद्धात विभागाची लुटालूट झाली. कॉम्प्युटर गेले, खुर्च्या गेल्या, छताचे पंखेसुद्धा गेले. चिचुंद्र्यांचे डबे मात्र उघडून तसेच जमिनीवर उपडे केलेले सापडले.

"माझ्या आयुष्यभराच्या कामाबद्दल," प्राध्यापक म्हणाले, "इतकं प्रामाणिक मत मला दुसऱ्या कुणी दिलेलं नाही."

त्या पसाऱ्यात कातडी एकीकडे आणि कवट्या दुसरीकडे झाल्या होत्या. पहिलं वर्ष माझं त्यांच्या जोड्या जुळवण्यात गेलं. मग मोजमाप. वर्निअर कॅलिपरच्या टोकांत शेंगदाण्याएवढी कवटी धरायची, श्वास रोखायचा आणि लांबी, रुंदी, दातांच्या रांगेची लांबी बघायची. शिंक आली की बाहेर पळायचं. प्राध्यापक मला पहिल्या दिवसापासून 'या दुक्तूरा' म्हणत. अरबीत 'अहो डॉक्टरीणबाई'. मी डॉक्टरेट केलेली नाही हे मी दोनदा सांगितलं, तेव्हा म्हणाले, "इथे प्रत्येक इंजिनिअरला लोक 'या मोहंदिस' म्हणतात. त्यातल्या किती जणांनी पूल बांधलाय?" हा टोला आमच्या यांनाही लागू पडतो हे मी घरी सांगितलं नाही.

त्यांना थोडं हिंदी येत होतं. सुदानमधल्या ओमदुर्मानच्या उघड्या थिएटरांत त्यांनी लहानपणी आपले हिंदी सिनेमे पाहिले होते. पण सिनेमातून शिकलेल्या भाषेची अडचण अशी, की तिच्यात प्रेम आणि सूड या दोनच गोष्टी बोलता येतात. कुपी सापडली नाही की ते छातीवर हात ठेवून 'बेवफा' म्हणायचे आणि सापडली की 'मेरी जान'. बाहेरून जाणाऱ्या शिपायाला आमच्याबद्दल काय वाटत असेल, याचा मी विचार करायचा नाही असं ठरवलं होतं.

आमच्या मराठी मंडळात मला नवं नाव मिळालं होतं : उंदीरवाल्या बाई. चिचुंद्री उंदीर नसते हे मी हळदीकुंकवात समजावून सांगितलं, तेव्हा एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही दिवसभर जात बघत बसता? ती पण दातांवरून? आमच्याकडे तर आडनाव विचारून भागतं हो." आमची मुलगी तेव्हा बालवर्गात होती. आई काय करते, असं बाईंनी विचारल्यावर तिने सगळ्या वर्गाला सांगितलं, "माय मदर मेझर्स डेड रॅट्स." आम्ही घरात मराठीच बोलायचं असं ठरवलं होतं, पण हे वाक्य तिने मराठीत सांगितलं असतं तरी फार फरक पडला नसता.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही सगळे कुवेतच्या दक्षिण टोकाला, वफ्राला शेतं बघायला गेलो. प्राध्यापक आणि त्यांच्या पत्नीही बरोबर होते. त्या बाई चांगल्या उंच, भारदस्त, आणि त्यांच्या पांढऱ्या-केशरी वस्त्राला नेहमी बखूरचा, म्हणजे अरबी धुपाचा, सुगंध. घरात धुपाचं भांडं सतत पेटलेलं का असतं, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. नवऱ्याच्या बॅगेतून वीस-बावीस वर्षं जो वास घरात येत होता, त्यावर त्यांना दुसरा उपाय सापडला नव्हता.

तिथल्या काचघरांमागे काकड्या भरायची शेड होती. तिच्या भिंतीशी मला एक मेलेली चिचुंद्री दिसली. वाळून खारकेसारखी झालेली, चांगली मोठी, राखी रंगाची. कुवेतच्या वाळवंटात एवढी मोठी चिचुंद्री! मी ती रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली. आमच्या यांनी ते पाहिलं आणि परतताना माझी पर्स गाडीच्या डिकीत ठेवायला लावली.

प्राध्यापकांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाले, "हं. इंटरेस्टिंग. नीट अभ्यास करा."

मी केला. तीन आठवडे दुसरं काही सुचलं नाही. कवटी साफ केली, मापं घेतली, अरबस्तानातल्या प्राण्यांवरची विभागातली सगळी पुस्तकं उलथीपालथी केली. माझी चिचुंद्री कशातच बसत नव्हती. शेवटी मी मापांची वही घेऊन त्यांच्यासमोर जाऊन बसले. "सर, मला वाटतं ही नवीन जात आहे."

त्यांनी उठून कपाटातून एक पुस्तक काढलं. ते अरबस्तानावरचं नव्हतं, भारतावरचं होतं. त्यांनी पान उघडून माझ्यासमोर ठेवलं. "या दुक्तूरा, या बाई तुमच्या गावच्या आहेत. बोटीतून धान्याच्या पोत्यांबरोबर आल्या असणार. यांच्याकडे अकामा, राहायचा परवानासुद्धा नाही."

ती आपली साधी घरातली चिचुंद्री होती. जी लहानपणी आमच्या न्हाणीघरात भिंतीच्या कडेने चीं चीं करत पळायची, जिच्या वासाने आई नाक मुरडायची, तीच. जिवंतपणी मी तिला वासावरून अंधारातही ओळखलं असतं. वाळून वास गेला आणि मी फसले.

"तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"पहिल्या मिनिटाला."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तुमचा आनंद बघत राहावासा वाटला म्हणून," ते म्हणाले आणि माझ्यापुढे चहा सरकवला. त्यात नेहमीप्रमाणे चार चमचे साखर होती. आमच्या यांनी ही गोष्ट पुढची दोन वर्षं प्रत्येक पार्टीत सांगितली, आणि दर वेळी तिच्यात थोडी भर पडत गेली. शेवटी शेवटी तर त्या चिचुंद्रीने मला मराठीतून हाक मारली होती.

खरा वाद मात्र पठारावरच्या चिचुंद्र्यांवरून पेटला. प्राध्यापकांच्या मते डब्यात सगळी मिळून एकच जात होती. खालच्या जंगलात ती तपकिरी, वर उंच गवताळ भागात काळपट, एवढंच. मला मात्र मोजता मोजता तीन जाती दिसू लागल्या : जंगलातली तपकिरी, वरची काळी, आणि वरचीच पण जरा छोट्या डोक्याची, नाजूक. मी आलेख काढले, रंगीत पेन्सिलींनी ठिपके मांडले. प्राध्यापक ते आलेख दूर धरून बघत, जवळ धरून बघत, आणि म्हणत, "तुम्हा हिंदुस्थानी लोकांच्या स्वयंपाकघरात किती मसाल्यांचे डबे असतात?"

"असतील पंधरा-वीस."

"आमच्याकडे दोन. मीठ आणि मिरची. जेवण आमचंही होतंच."

"सर, तुमचं म्हणजे सगळे मोजे एका खणात."

"आणि तुमचं म्हणजे डावा मोजा वेगळ्या जातीचा."

असं आमचं काही वर्षं चाललं. निकाल लावायला युरोपातल्या संग्रहालयांतले जुने नमुने बघायला हवे होते. तिकडे पत्रव्यवहार झाला, फोटो आले, मापं आली. तपकिरी जात आधीच ठाऊक असलेली निघाली. बाकीच्यांबद्दल तिकडच्या लोकांनी कळवलं, की आता नुसत्या दातांवर भागत नाही, डीएनए लागेल. आमच्या जुन्या कातड्यांतून तो मिळेना. ताजा तुकडा हवा होता. म्हणजे पठारावर जायला हवं होतं.

तेव्हा नवं शतक सुरू झालं होतं. प्राध्यापक साठीच्या पुढे गेले होते आणि त्यांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिला होता. त्यांच्या पत्नीने मला बाजूला घेऊन सांगितलं, "तू बरोबर असशील तरच याला पाठवीन." आमच्या यांनी माझ्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं आणि म्हणाले, "जा तू. पण परत आल्यावर माझ्या खिचडीबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही."

चिचुंद्र्या पकडायला जमिनीत प्लास्टिकच्या बादल्या पुरतात. धावता धावता त्या आत पडतात. आत उग्र वासाचं काही ठेवलं तर आणखी बरं, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मला एकदम सुका बोंबील आठवला. आमच्या सात पिढ्यांत कुणी बोंबील घरात आणला नव्हता. फहाहीलला रत्नागिरीकडच्या एका चाचांचं दुकान होतं. आम्ही त्यांच्याकडून कोकम आणि पोहे आणायचो. मी बोंबील मागितला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर नेला.

"वहिनी, तुम्ही तर मासळी खात नाय ना?"

"पाहुण्यांसाठी हवाय."

"कुठचे पाहुणे?"

"इथिओपियातल्या चिचुंद्र्या."

चाचांनी चष्मा पुन्हा नाकावर ओढला. मग त्यांनी आतून चांगला जाडा माल काढला. "हा न्या. पाहुणा कुठचा पण असो, आपल्याकडनं वाईट माल जाता नये."

पठारावर पोचलो तेव्हा मी चार स्वेटर घातले होते आणि पाचवा आणला नाही म्हणून स्वतःला बोल लावत होते. कुवेतमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला थंडी म्हणजे एसीचं बटण वाटतं, ती बंद करता येत नाही हे अंगाला पटतच नाही. कमरेएवढं गवत, त्यात मधूनमधून पुरुषभर उंचीची विचित्र झाडं, आणि पहाटे सगळ्यावर पांढरं दंव. ज्या जागांची नावं मी चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षं वाचत होते, त्या जागी घोड्यावर बसलेली खरी माणसं जात होती. एका उतारावर प्राध्यापक थांबले आणि काठीने दाखवत म्हणाले, "इथे माझा तंबू होता." तिथे आता कुणाचं तरी बार्लीचं शेत होतं. त्यांना काहीतरी विनोदी बोलायचं होतं, पण त्या वेळी सुचलं नाही.

आम्ही बादल्या पुरल्या आणि मी प्रत्येकीत बोंबलाचा तुकडा ठेवला. सकाळी पाहिलं तर अर्ध्या बादल्या उकरून बाहेर फेकलेल्या आणि बोंबील गायब. गावातली सगळी कुत्री आली होती. त्यानंतर मी जाईन तिथे ती माझ्या मागे यायची. प्राध्यापक तंबूच्या दारात घोंगडी पांघरून बसायचे आणि ती वरात बघून हसता हसता डोळे पुसायचे. उरलेला बोंबील मी आमच्या वाटाड्याला देऊन टाकला. त्याने तो हुंगला, नम्रपणे आभार मानले आणि थोड्या अंतरावर जाऊन कुत्र्यांनाच घातला.

पुढचे काही दिवस बादल्यांत भुंगे आणि बेडूक. मग एका सकाळी शेवटच्या बादलीच्या तळाशी काहीतरी काळं हललं. मी हात घातला आणि ती बाहेर काढली. माझ्या अंगठ्याहून थोडी मोठी. मखमलीसारखी काळी, नाक सारखं इकडेतिकडे, आणि बोटांना जाणवणारी छातीची धडधड इतकी जलद की ती धडधड न वाटता थरथर वाटावी. इतकी वर्षं मी तिचे दात मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजत होते, पण तिच्या मिशा अशा सतत हलत असतात, हे मला ठाऊकच नव्हतं. मी काही बोलणार तेवढ्यात तिने माझ्या बोटाला कडकडून चावा घेतला.

"अगं आई गं!"

"दात नीट मोजलेत का?" प्राध्यापक म्हणाले.

आम्ही तिच्या शेपटीच्या टोकाचा एवढासा तुकडा कापून स्पिरिटच्या कुपीत टाकला. मी मग त्यांच्याकडे पाहिलं. पुढे काय करतात ते मला माहीत होतं. कापूस, सुई आणि दोरा तंबूत तयार होता. प्राध्यापकांनी घोंगडी सावरली. "हिच्या आज्या-पणज्या माझ्या डब्यात आहेत," ते म्हणाले. "तेवढ्या पुरे. हिला जाऊ द्या." मी हात जमिनीला टेकवला आणि ती गवतात गेली. निरोपबिरोप काही नाही.

त्यानंतर आणखी बऱ्याच मिळाल्या, वरच्याही आणि जंगलातल्याही. निकाल यायला वर्ष लागलं. प्राध्यापकांनी फोन केला तेव्हा मी भाकरी थापत होते.

"या दुक्तूरा, तुम्ही हरलात."

"म्हणजे एकच जात?"

"नाही. मीही हरलो. दोन आहेत."

तपकिरी एक आणि काळी एक. काळी खरोखरच नवी, तिला कुणी आजवर नाव दिलं नव्हतं. माझी ती छोट्या डोक्याची नाजूक तिसरी जात म्हणजे काळीचीच पोरंटोरं निघाली. वय दातांच्या झिजेवरून ओळखता येतं, हे मी स्वतः नववीच्या वर्गाला शिकवत होते. "तुम्ही एकाने चुकलात, मीही एकाने चुकलो," प्राध्यापक म्हणाले. "यापेक्षा न्याय्य निकाल मी पाहिलेला नाही." तव्यावरची भाकरी करपली. ह्यांनी ती एक शब्द न बोलता खाल्ली, तेव्हा मला कळलं की त्यांनाही आनंद झाला होता.

आता नावाचा प्रश्न आला. प्राध्यापकांच्या मनात माझं नाव द्यायचं होतं. हे ऐकून आमचे हे फुलून गेले. लॅटिनमध्ये आडनाव कसं दिसेल, ते त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लिहूनसुद्धा पाहिलं. सासूबाईंना फोनवर कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "घराण्याचं नाव चिचुंद्रीला? अरे, एखादं फूलबिल नाही का सापडलं तिला?" पण खरी अडचण वेगळीच होती. जातीचं वर्णन करणाऱ्याने तिला स्वतःचं नाव द्यायचं नाही, असा संकेत आहे. आणि शोधनिबंधावर प्राध्यापकांच्या नावाशेजारी माझं नाव येणार होतं.

"तेव्हा ठरवा," प्राध्यापक म्हणाले. "एक तर लेखिका व्हा, नाहीतर चिचुंद्री व्हा."

मी लेखिका झाले. आमचे हे त्यानंतर दोन दिवस जरा घुम्यासारखे वागले. प्राध्यापकांनी मग चिचुंद्रीला आपल्या पत्नीचं नाव दिलं, पत्नीला न विचारता.

निबंध छापून आला तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. प्राध्यापकांनी तो अंक पत्नीच्या मांडीवर ठेवला आणि तिच्या नावाखाली बोट ठेवलं. बाईंनी चष्मा लावला. नाव वाचलं. मग समोरच्या पानावरचं मी काढलेलं चित्र पाहिलं : लांब नाक, बारीक डोळे, आखूड शेपूट. खोलीत धूप दरवळत होता.

"तीस वर्षं याचा वास सहन केला," त्या शेवटी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि त्याचं हे बक्षीस?"

प्राध्यापक छातीवर हात ठेवून म्हणाले, "मेरी जान." हे हिंदी बाईंना चांगलंच कळत होतं. त्यांनी अंक मिटला आणि आत निघून गेल्या. मला घाईघाईने निरोप घ्यावा लागला. पुढचा आठवडाभर प्राध्यापक दुपारचा डबा विद्यापीठाच्या कँटीनमधून मागवत होते.

महिन्याभराने मी पुन्हा गेले तेव्हा दिवाणखान्यात, मुलांच्या पदवीदानाच्या फोटोंच्या मधोमध, माझं ते चित्र सोनेरी चौकटीत लावलेलं दिसलं. दोन शेजारणी बसल्या होत्या. त्यातल्या एकीने ते काय आहे म्हणून विचारलं. बाईंनी कपात साखर घालता घालता अगदी सहज सांगितलं, की ती त्यांच्या नावाची आहे, फार उंच डोंगरावर राहते आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने काढलंय चित्र. नाक जरा लांब झालंय, पण चालायचं."